अल कपोनचा पुतळा काढा: आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
शिकागो परिसरातलं आमचं मराठी मंडळ

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि अशी पार्टी ठरवणारं आपलं एकट्याचंच मंडळ असेल असंही मला वाटत नाही.

यंदाच्या वार्षिक संमेलनातली शनिवारची रात्र 'प्रोहिबिशन नाईट' म्हणून, म्हणजे अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळाची नक्कल करत, साजरी करायचं तुम्ही ठरवलंत. परिपत्रक सगळ्यांना पोचलं आहे. पुरुषांनी फेडोरा हॅट घालायची, बायकांनी पिसांचा हेडबँड. तेव्हाच्या चोरट्या बारसारखा दारावर परवलीचा शब्द सांगायचा ('थालीपीठ', बरोबर ना?). आत शिरताच त्या काळचा शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा, शेजारी फोटोसाठी खेळण्यातली टॉमी गन, म्हणजे तेव्हाच्या गुंडांची मशीनगन. आणि काउंटरवर काचेच्या बरण्यांतून 'मूनशाइन', म्हणजे चोरटी गावठी दारू. मी आधी साधी ईमेल करून आक्षेप कळवला होता. 'थीम आहे, एवढं मनावर घेऊ नका' असं एका ओळीचं उत्तर आलं. त्याखाली आणखी एक ओळ होती: काउंटर तुम्हीच सांभाळाल ना, तुमचं तर तेच काम आहे! म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हो, माझं तेच काम आहे. मी शिकागोत बारमागे उभी राहून पोट भरते. मंडळात माझी ओळख करून देताना 'हॉटेल लाइनमध्ये आहेत' असं म्हणतात, तेही मी हसून चालवून घेते. पण १९२० ते १९३३ या तेरा वर्षांच्या दारूबंदीनं कुठली बाटली संपवली आणि कुठली वर आणली, हे मला रोज समोरच्या फळीवर दिसतं. कोण प्यालं, कोण मेलं, कोण तुरुंगात गेलं आणि कोण सिनेमात हिरो झालं, हेही या धंद्यात थोडंफार वाचलं की कळतं. दारूला माझा विरोध असण्याचं काही कारणच नाही. विरोध आहे तो त्या काळाचा असा फॅन्सी ड्रेस करण्याला.

आधी परिपत्रकातल्या त्या वाक्याकडे येते: 'बंदीच्या काळात वाईट दारूची चव लपवण्यासाठी कॉकटेलचा जन्म झाला.' हे वाक्य तुम्हीच शोधलंत असं नाही, अर्ध्या अमेरिकेत ते ऐकू येतं. पण ते चूक आहे. जेरी थॉमसचं बारटेंडरांसाठीचं पुस्तक १८६२ चं. मॅनहॅटन, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड ही सगळी बंदीच्या आधीची. तुमच्या मेनूत 'बंदीच्या काळातलं खास' म्हणून जे 'लास्ट वर्ड' दिलंय ते डेट्रॉइट अॅथलेटिक क्लबच्या १९१६ च्या मेनूवर सापडतं. कायद्यानं जन्म कशाचाच दिला नाही. बहरात आलेला एक धंदा मोडला. हॅरी क्रॅडॉकसारखे बारटेंडर उठून लंडनला गेले. सॅव्हॉय हॉटेलच्या बारमध्ये त्यानं नाव काढलं आणि १९३० मध्ये त्याचं पुस्तक तिथूनच निघालं. कोणी पॅरिस गाठलं, कोणी हवाना. न्यूयॉर्कचं डेल्मोनिकोजसारखं नावाजलेलं रेस्टॉरंट १९२३ मध्ये बंद पडलं. अमेरिकन कॉकटेलनं ती वर्षं परदेशात काढली.

मागे राहिलेल्यांच्या वाट्याला बाथटब जिन आली. औद्योगिक अल्कोहोल, पाणी, जुनिपरच्या बोरांचं तेल आणि घसा खरवडू नये म्हणून थोडं ग्लिसरीन, एवढीच ती 'जिन'. उंच बाटली सिंकच्या नळाखाली मावायची नाही, म्हणून ती न्हाणीघरातल्या टबाच्या नळाखाली धरून भरायची. या जिनवर उतारा म्हणून लिंबू, मध, संत्र्याचा रस, जिंजर एल हे सगळं ग्लासात आलं, आणि तुमच्या त्या वाक्यात एवढ्यापुरतं तथ्य आहे. गोडाची आणि हलक्या पेयांची जी आवड तेव्हा लागली ती बंदी उठल्यावरही टिकली. जिन, लिंबू आणि मधाचं 'बीज नीज' मी आजही करते. चांगल्या जिननं ते फार छान लागतं, पण त्यातला मध मुळात कशासाठी असेल ते करणाऱ्याला कळतंच.

व्हिस्कीची गोष्ट जास्त वाईट. व्हिस्कीला पिंपात वर्षं काढावी लागतात. ५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तेव्हा इथल्या गोदामांत मुरलेला माल फारसा उरला नव्हता. कॅनडा आणि स्कॉटलंडचा मात्र तयार होता. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची राय व्हिस्की त्यात मागे पडली ती अनेक दशकं वर आलीच नाही. बिअरवाल्यांनी तग धरला, पण बिअर सोडून. अॅनहॉयझर-बुशनं यीस्ट आणि माल्टचं सिरप विकलं, युएंगलिंगनं आइस्क्रीम, पॅब्स्टनं चीज, कूर्सनं चिनी मातीची भांडी. माल्टच्या सिरपचा डबा गिऱ्हाईक कशासाठी नेतंय हे वाणसामानाच्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असायचं. द्राक्षाच्या घट्ट रसाच्या विटा विकल्या जायच्या, त्यावर ताकीद असायची: पाण्यात विरघळवून वीस दिवस ठेवू नका, नाहीतर वाइन होईल! बंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, घरी बिअर करायला मात्र नाही. ते राहून गेलेलं कलम राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं १९७८ मध्ये दुरुस्त झालं. आपल्या उपनगरात ज्या छोट्या ब्रुअरीत तुम्ही कार्यकारिणीच्या बैठका घेता, तसल्या जागा त्यानंतरच्या.

आणि शिकागोचं म्हणून काही ठेवायचंच होतं, तर मालॉर्ट कसं सुचलं नाही? कार्ल जेपसन नावाच्या स्वीडिश माणसानं बंदीच्या काळात हे पेय याच शहरात औषध म्हणून विकलं. त्यातली मुख्य वनस्पती आपल्या दवण्याच्या जातकुळीतली, पण चव थेट काडेचिराईताच्या काढ्याची. हे कोणी हौसेनं पिणं शक्यच नाही अशी तपासनिसांची खात्री पटली म्हणून ते सुटलं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून व्हिस्की नेता येत होती, हे तर कायद्यातच होतं. यात आपल्याला हसू यावं, कारण महाराष्ट्रातला मद्याचा परवाना आजही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या पोटातून निघतो आणि तोही 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून दिला जातो.

दुसरी तक्रार त्या पुतळ्याची. कपोननं शिकागोतली टोळी हाती घेतली तेव्हा तो २६ वर्षांचा होता. दारूबरोबर त्याचे जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने चालत. १४ फेब्रुवारी १९२९ ला नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजात सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. वापरलेल्या बंदुकांत टॉमी गन होत्या. तुम्ही फोटोसाठी जी ठेवणार आहात, तीच. हे हत्याकांड त्याच्याच टोळीचं काम मानलं जातं, पण त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. कपोनला १९३१ मध्ये शिक्षा झाली ती कर चुकवल्याबद्दल, अकरा वर्षांची. त्याच सुमाराला हॉलिवूडला गुंडांच्या सिनेमाचा साचा सापडला आणि तेव्हापासून तो माणूस मेलेलाच नाही.

मुंबईत दारूबंदी होती तेव्हा हातभट्टीच्या पैशावर वरदराजन मुदलियार मोठा झाला. त्याच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून आपण आपल्या मुलांचे फोटो काढले असते का? ठाण्यात किंवा डोंबिवलीत असं कोणी केलं असतं तर आपणच इथून व्हॉट्सअॅपवर चार शब्द सुनावले असते.

तिसरी तक्रार त्या बरण्यांची, आणि इथे माझा खरोखर तोल जातो. बंदीच्या काळात पिण्यासाठी जे अल्कोहोल फिरत होतं त्यातलं बरंचसं कारखान्यांसाठी बनवलेलं आणि चोरलेलं होतं. लोकांनी ते पिऊ नये म्हणून त्यात विष मिसळायची सक्ती सरकारनंच केली होती. तरीही लोक पितात म्हटल्यावर १९२७ च्या सुरुवातीला त्यातल्या मिथेनॉल या विषाचं प्रमाण आणखी वाढवण्यात आलं. आदल्याच नाताळात न्यूयॉर्कची हॉस्पिटलं विषबाधेच्या रुग्णांनी भरली होती. तिथले मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सरकारला जबाबदार धरलं. ज्यांना चांगली दारू परवडत नाही तेच यात मरतात, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. वाचलेल्यांतले कित्येक आंधळे झाले.

१९३० मध्ये आणखी एक प्रकार झाला. जमैका जिंजर नावाचं आल्याचा अर्क असलेलं औषध छोट्या बाटलीतून मिळायचं. त्यात अल्कोहोल भरपूर, किंमत कमी, त्यामुळे गरिबांत ते खपायचं. सरकारी चाचणीत पकडलं जाऊ नये म्हणून बोस्टनच्या दोघा उत्पादकांनी त्यात प्लास्टिक उद्योगातलं एक रसायन घातलं. हजारो माणसांच्या पायांतली ताकद गेली. पाऊल उचललं की चवडा लोंबायचा, आणि मग तो जमिनीवर आपटत चालायचं. ती चाल दक्षिणेत इतकी ओळखीची झाली की त्याच वर्षी काळ्या आणि गोऱ्या, दोन्हीकडच्या गायकांनी तिच्यावर गाणी रेकॉर्ड केली. लोकसंस्कृतीवरचा बंदीचा ठसा म्हणायचा तर हाही ठसाच आहे. तुमच्या प्लेलिस्टमध्ये तो नसणार.

मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये मिथेनॉलच्याच दारूनं शंभरावर माणसं गेली. मालाडची एक वस्ती, बहुतेक मजूर. त्यावर 'मालवणी नाईट' काढायची कोणाची छाती होईल? मग मरणाऱ्यांना शंभर वर्षं झाली आणि ते आपले नव्हते, एवढ्यानं बरणी गमतीची होते का?

ते आपले नव्हते, हेही फार खरं नाही. कायद्यानं पिणं हा गुन्हा नव्हताच. बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा होता. ज्यांच्याकडे पैसे आणि तळघर होतं त्यांनी १७ जानेवारी १९२० च्या आत माल भरून ठेवला आणि तो खुशाल प्याले. मिशिगनमधल्या लान्सिंगच्या एटा मे मिलर या दहा मुलांच्या आईला मात्र १९२८ मध्ये थोडी जिन विकल्याबद्दल जन्मठेप झाली, चौथा गुन्हा म्हणून. ती पुढे सुटली, पण तोवर देशभर बोभाटा झाला होता. आपल्याच इलिनॉयच्या दक्षिणेला विल्यमसन काउंटीत १९२३-२४ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वंशद्वेषी संघटनेनं दारूबंदीची अंमलबजावणी हाती घेतली, म्हणजे काय केलं, तर खाणीत काम करणाऱ्या इटालियन कुटुंबांच्या घरांत रात्री घुसून झडत्या घेतल्या. वाइन घरी करणारी परकी माणसं, हा त्यांचा राग दारूवर कमी आणि माणसांवर जास्त होता.

आणि त्याच काळात, १९ फेब्रुवारी १९२३ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं की तुम्ही 'गोरे' नाही, म्हणून तुम्हाला नागरिकत्व नाही. ज्या भारतीयांना ते आधी मिळालं होतं त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेण्यात आलं. १९२४ च्या कायद्यानं आपल्यासाठी दार पुरतं बंद करून घेतलं. ते १९४६ मध्ये किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. तुम्ही फेडोरा घालून ज्या रात्रीत शिरणार आहात त्या रात्रीच्या पाहुण्यांच्या यादीत आपण नव्हतो.

संगीताचंही तेच. परिपत्रकात 'जॅझ प्लेलिस्ट' एवढे दोन शब्द आहेत. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टनचा बँड १९२७ पासून वाजत होता. रेडिओवरून तो देशभर पोचला, पण मालक ओनी मॅडन हा गुंड, आणि टेबलांवर बसायची मुभा फक्त गोऱ्यांना. शिकागोत साउथ साइडला चित्र थोडं बरं होतं. ३५व्या रस्त्यावरच्या सनसेट कॅफेत काळे आणि गोरे एकाच जागी बसून लुई आर्मस्ट्राँग आणि अर्ल हाइन्सला ऐकायचे. ती इमारत अजून उभी आहे. पुढे कित्येक वर्षं तिथे हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुकानाच्या आतल्या भागात, जिथे स्टेज होतं तिथल्या भिंतीवर, जुनी रंगीत चित्रं तशीच राहिली होती. आपण सगळे या शहरात राहतो. त्या इमारतीसमोरून आपल्यातलं कोण कधी गेलंय?

आता बायकांबद्दल. पिसांचा हेडबँड यापलीकडे परिपत्रकात बायका नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दारूबंदीची चळवळ ज्या संघटनेनं घरोघर नेली, त्या विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियनच्या अध्यक्ष फ्रान्सिस विलर्ड इव्हान्स्टनला राहायच्या, आपल्या हॉलपासून फार लांब नाही. ते घर आज संग्रहालय आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे या देशात जवळजवळ तीन वर्षं फिरल्या, विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेवरच्या पुस्तकात या बायकांच्या संघटनेचं कौतुक आहे. शनिवारी मिळालेला पगार नवरा सलूनमध्ये उडवून येतो आणि बायकोला कायद्यात फारसा आवाज नाही, ही त्यामागची चीड होती. गावात 'आडवी बाटली'ला मत द्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

आणि बंदी उठवायलाही बायकाच पुढे आल्या. पॉलीन सेबिन यांनी १९२९ च्या मे महिन्यात बंदीविरोधी महिला संघटना काढली ती शिकागोतच, ड्रेक हॉटेलात. कायद्यानं दारू थांबली नाही, कायद्याची भीती तेवढी गेली आणि मुलं ते बघत मोठी होताहेत, असं त्यांचं म्हणणं. जुन्या सलूनमध्ये बाईमाणसाला सहसा थारा नव्हता, चोरट्या बारमध्ये मात्र दोघं एका टेबलाशी बसू लागली. हा बदल मात्र कायमचा झाला. काउंटरच्या अलीकडे, म्हणजे मी उभी असते त्या बाजूला, यायला आणखी वेळ लागला. मालकाची बायको किंवा मुलगी नसेल तर मोठ्या शहरांत बाईनं बारटेंडर होऊ नये, हा मिशिगनचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९४८ मध्ये चक्क वैध ठरवला होता. 'तुमचं तर तेच काम आहे' हे वाक्य मला का झोंबलं ते आता कळावं.

मागण्या सरळ आहेत. कपोनचा पुतळा आणि टॉमी गन काढा. बरण्या आणि 'मूनशाइन' हा शब्द मेनूतून जाऊ द्या. कॉकटेलच्या जन्माचं ते वाक्य दुरुस्त करून नवं परिपत्रक पाठवा. डीजेचे पैसे आहेत तेच साउथ साइडच्या एखाद्या जिवंत बँडला द्या. नाचायला त्याहून चांगलं काही मिळणार नाही, आणि त्यांना मानधन कार्यक्रमाच्या आधी द्या. स्टेजवर दहा मिनिटं रमाबाई, विलर्ड आणि सेबिन यांच्यासाठी राखून ठेवा. पुस्तक मराठीतच आहे, वाचायला माणूस मी देते. न पिणाऱ्यांसाठी तेवढंच देखणं वेगळं काउंटर हवं. बंदीत सोडा फाउंटनचा धंदा तेजीत होता, त्यामुळे थीममध्येही बसेल. प्लास्टिकच्या ग्लासातला कोमट कोला पुरे झाला. आणि काउंटरवर पगार देऊन बारटेंडर ठेवा. त्या रात्री मी तिकीट काढलेली सभासद म्हणून येणार आहे.

विषय बदलायचाच नसेल तर '१९२० चं शिकागो' असं नाव द्या, हरकत नाही. मजा कमी होणार नाही.

पुढची बैठक रविवारी आहे. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि निर्णय सभासदांना लेखी कळवावा. मेनूचा मसुदा मी सचिवांना वेगळा पाठवला आहे. त्यात दारूची चार आणि बिनदारूची सहा पेयं आहेत, कोकम-जिंजर धरून. मालॉर्टही आहे. अध्यक्षांनी ते आधी स्वतः चाखून पाहावं, मग मंजुरी द्यावी.

आपली,
मंडळाची एक वर्गणीदार सभासद